मुद्देमाल फसफसतो

मी अबकारी खात्यात होतो असं सांगितलं की समोरचा माणूस दोनपैकी एक प्रश्न विचारतो. वयस्क असला तर, "मग पीत असाल?" आणि तरुण असला तर, "मग खात असाल?" दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आहे. त्यावर आजवर कुणीही विश्वास ठेवलेला नाही, बायकोनेसुद्धा नाही.

तिसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. तो म्हणजे, या नोकरीत भीती कशाची वाटायची? लोकांना वाटतं, दारुड्यांची वाटत असेल, नाहीतर काठ्या-कुऱ्हाडी घेऊन अंगावर येणाऱ्यांची. खरं सांगतो, काठीवाला दिसतो. त्याच्याशी बोलता येतं, पळता येतं. मला भीती वाटायची ती न दिसणाऱ्या, जवळजवळ वासही नसणाऱ्या एका चिजेची. दारू ज्यातून होते त्या सडव्यातून निघणाऱ्या हवेची.

ज्यांनी भट्टी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चैत्रात मोहाची फुलं पडतात. ती वाळवून ठेवली की वर्षभर पुरतात. ती गुळाच्या पाण्यात भिजत घातली की दोन-चार दिवसांत पाणी आंबतं, फसफसतं, वर फेस चढतो. हा सडवा. तो भट्टीवर चढवून उकळला आणि वाफ थंड केली की दारू. सडवा फसफसतो तेव्हा त्यातून जो वायू निघतो तो आपल्या हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही. पाण्यासारखा खाली साचतो. खड्ड्यात, विहिरीत, तळघरात. त्यात दिवा नेला तर विझतो. माणूस नेला तर तोही विझतो, फक्त दिव्यापेक्षा थोडा उशिरा.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका सरकारमान्य भट्टीवर होतो. तिथे सडव्याचे हौद होते आणि हौदात उतरायचं तर आधी कंदील उतरवायचा असा शिरस्ता होता. तो मोडणाऱ्याला मुकादम आईबहिणीवरून शिव्या देई, आणि त्या शिव्यांमुळे तिथे कुणी मेलं नाही. जंगलात मात्र शिव्या देणारा मुकादम नसतो. घाटंजीकडच्या रानात लपवलेला सडवा काढायला एक माणूस खड्ड्यात उतरला, तो वर येईना म्हणून त्याचा भाऊ उतरला. पंचनाम्याला मी गेलो होतो. दोघं भाऊ एकमेकांना धरून बसल्यासारखे होते. गावाने सांगितलं, खड्ड्यात भूत आहे. मी म्हटलं, भूत नाही, वायू आहे. गाव म्हणालं, तेच ते.

छपन्न साली आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि थोड्याच वर्षांत मुंबईची कडक दारूबंदी आमच्याकडे येऊन पोचली. कालपर्यंत दारूवरचा कर मोजणारे आम्ही एका सहीसरशी दारू पकडणारे झालो. खातं तेच, खुर्च्या त्याच. फक्त भिंतीवर नवीन सुविचार लागले. माझी नेमणूक एका तालुक्याच्या गावी झाली. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक अजून मला चहा पाजतात.

तिथे माझे साहेब होते इन्स्पेक्टर आपटे. पुण्याकडचे, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेले, कपड्यांना कडक इस्त्री, आणि शुद्ध बोलणं असं की आमच्या जमादाराला वाटे, साहेब रागावून राह्यले. माणूस सरळ होता. खोटं बोलणं त्यांना जमतच नसे. बाजारात भाजीवाली म्हणाली, "वांगे गोड हायेत न, साहेब?" तर हे म्हणाले, "मागच्या खेपेची किडकी होती." आणि शिपायांमध्ये होता रामू राठोड. आर्णीकडच्या तांड्यावरचा, पंचविशीतला, मिशीला रोज तेल लावणारा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. तो म्हणे, "आजानं मीठ वाह्यलं, मी दारूचे ड्रम वाहून राह्यलो. धंदा तोच हाये साहेब, लदेणीचा."

आता नानाजी पाटलांबद्दल. जवळच्या एका गावात त्यांची मोठी शेती होती, पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, आणि तुरीची. खादीचा सदरा, पांढरी टोपी, आणि गावच्या नशाबंदी समितीचे ते अध्यक्ष. सभेत भाषण असं करत की पिणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येई. त्यांच्याच शेतात माल असल्याची खबर आली तेव्हा आपटेसाहेब म्हणाले, "खबऱ्या प्यालेला असावा." तरी आम्ही गेलो.

नानाजींनी खाट टाकली, चहा मागवला. "आमच्या गावात दारू? साहेब, मी समितीचा अध्यक्ष हावो!"

"म्हणूनच आधी तुमच्याकडे आलो," मी म्हटलं. "परवानगी घ्यायला."

शेताच्या टोकाला एक कोरडी विहीर होती. तिच्यावर पऱ्हाट्यांचा ढीग. राठोडने ढीग बाजूला ओढला आणि धोतर खोचावं तसा पट्टा आवळून उतरायला निघाला. मी त्याचा दंड धरला. दोरीला कंदील बांधून खाली सोडला. अर्ध्या विहिरीत तो विझला. पुन्हा लावून सोडला, पुन्हा तिथंच विझला.

नानाजींनी हात जोडले. "जागृत जागा हाये, साहेब. तिथं दिवा टिकत नाही."

राठोडने कान लावला. "देव फसफस करते काय, नानाजी?"

ढिगाखालीच एक तीन तोंडांचा लोखंडी गळ सापडला, विहिरीत पडलेली बादली काढायला असतो तसला, पण जाड आणि लांब दोराचा. "हा कोणाचा?" तर नानाजी म्हणाले, "का मालूम, बाप्पा. मी तर पह्यल्यांदाच पाहून राह्यलो."

मग आमची फजिती सुरू झाली. विहिरीतली हवा हलवायची जुनी युक्ती म्हणजे उघडी छत्री दोरीला बांधून वर-खाली करायची. ती केली. तरी मी कुणाला उतरू दिलं नाही, त्याच गळाने ड्रम ओढू म्हटलं. गळ टाकायचा, ड्रमच्या कडीत अडकवायचा, तो निसटायचा, पुन्हा टाकायचा. दुपार कलली. नानाजी काठावर उभे राहून पाहत होते आणि त्यांचा जीव खालीवर होत होता. नवी सून पोळी फाडायला लागली की सासूचा हात जसा आपोआप पुढे येतो, तसा त्यांचा उजवा हात दर वेळी पुढे येई आणि ते तो डाव्या हाताने मागे धरत. शेवटी ड्रम निघाले. सील लागलं, गळालाही चिठ्ठी लागली, आणि सगळा माल गाडीत चढला.

आता वाचक विचारेल, सडवा तिथेच का नाही ओतून दिला? पूर्वी तेच करत होतो. नमुन्याची बाटली ठेवायची, बाकीचा पंचांसमोर मातीत. पण त्याआधीच एका खटल्यात आरोपीच्या पुंडकर वकिलांनी मॅजिस्ट्रेटसाहेबांसमोर विचारलं होतं, "ओतून दिलेला पदार्थ बैलांसाठी भिजवलेली सरकी नव्हती हे कशावरून?" आरोपी सुटला. त्यावर वरच्या कचेरीतून हुकूम आला की यापुढे जप्त केलेला सगळा सडवा निकाल लागेपर्यंत सीलबंद जपून ठेवावा. निकाल लागायला वर्ष लागे. सडव्याला ही पद्धत कुणी कळवली नव्हती. तो आपला आंबत राही.

आमची कचेरी एका व्यापाऱ्याच्या जुन्या गोदामात भाड्याने होती. गोदाम उताराला बांधलेलं. पुढून रस्ता, मागे नाला. खाली सरकी ठेवायचं तळघर होतं, तोच आमचा मालखाना. नियमाप्रमाणे मालखान्याला एकच दार हवं, म्हणून नाल्याच्या बाजूला असलेला जुना झरोका विटांनी बुजवून टाकला होता. आठवड्याला तीन-चार छापे पडत, आणि दर छाप्याचे ड्रम नि मडकी खाली जात. सगळ्या तालुक्यातला सडवा एका छताखाली गोळा करण्याचं काम कुठल्याही दारूवाल्याला जमलं नसतं. ते आम्ही केलं. जिल्ह्यातली सगळ्यात मोठी भट्टी दारूबंदी खात्याची होती. चूल तेवढी पेटवायची बाकी.

सुरुवातीला मडक्यांची तोंडं लाखेने घट्ट बंद केली. उन्हाळा लागला तशी एक दिवस खालून बंदुकीसारखा आवाज आला. मग दुसरा. आमचे महादेव जमादार टेबलाखाली गेले. आपटेसाहेब हातात पेपरवेट घेऊन बाहेर आले. खाली जाऊन पाहतो तर मडकी फुटून सडवा भिंतीवर उडालेला. साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं आणि कर्बवायू म्हणजे काय, तो जड का, तो कसा साचतो, यावर इतकं सुंदर व्याख्यान दिलं की जमादारांनी टाळी वाजवली. तेव्हापासून तोंडाला लाखेऐवजी फडकं बांधू लागलो. मडकी फुटायची थांबली. आता वायू निवांतपणे बाहेर येऊन तळघरात साचू लागला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. या प्रकरणात अडाणी कुणीच नव्हता. साहेबांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, राठोडला विहिरीपासून ठाऊक होतं. वरच्या कचेरीतही ठाऊक असावं. अडचण ज्ञानाची नव्हती, भिंतीची होती. साहेबांनी झरोका उघडायची परवानगी मागितली. उत्तर आलं, मालखान्याला दुसरं तोंड असणं नियमाविरुद्ध आहे. बांधकाम खात्याला विचारलं, ते म्हणाले इमारत खाजगी आहे. मालकाला विचारलं, तो म्हणाला, "सरकारनं बुजोला, सरकारनं उघडावा. मी हात लावला तर मलेच धराल." साहेबांनी पुन्हा वर लिहिलं की सडवा आंबल्यामुळे माणसांच्या जिवाला धोका आहे. त्यावर आलेलं उत्तर मला अजून पाठ आहे: 'दारूबंदी यशस्वीरीत्या लागू असलेल्या जिल्ह्यात शासकीय इमारतीत आंबवण्याची क्रिया चालू असल्याचा उल्लेख अनुचित असून तो टाळावा.'

उल्लेख टाळला. क्रिया चालू राहिली.

मग साहेबांनी आपल्यापुरता नियम केला. सकाळी दार उघडं टाकायचं, पायऱ्यांवरून छत्री हलवायची, आणि पुढे कंदील धरल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. कंदील विझला की परत. हे इमानदारीने चाललं. पण उन्हाळ्याच्या दिवसांत तळघराच्या पायऱ्या थंडगार असत, आणि वर पत्र्याखाली माणसं भाजून निघत. जमादार दुपारी वरच्या पायरीवर बसकण टाकत. मी हटकलं तर म्हणत, "मी वरच्याच पायरीवर हावो, साहेब. वायू खालच्या पायरीवर हाये. आमचं जमते."

नानाजींचा खटला उभा राहिला. पुंडकर वकिलांनी अर्ज दिला की ड्रम बदलले आहेत असा संशय आहे, तेव्हा मालखान्यात जाऊन ते आरोपीला दाखवावेत. कोर्टाने मान्य केलं. झालं. पाहणी म्हटली की सरकारी कचेरीचं लग्नघर होतं. अंगण झाडलं, चुना मारला, सुविचार पुसून पुन्हा लिहिला. साहेब म्हणाले, "सगळं लख्ख हवं." महादेव जमादारांनी सगळंच लख्ख केलं. कंदीलसुद्धा खोलून, राखेनं घासून, त्याचे भाग उन्हात वाळत घातले.

पाहणी दुपारची होती. त्याआधी राठोड ड्रमवरच्या चिठ्ठ्यांची धूळ पुसायला म्हणून खाली गेला. सकाळची छत्री त्या दिवशी गडबडीत राहून गेली होती, आणि कंदील अंगणात तुकड्यातुकड्यांनी ऊन खात होता.

मी अंगणात होतो. पुंडकर वकील आणि नानाजी टांग्यातून उतरत होते. वकिलांच्या डोक्यावर काळी छत्री, नानाजींच्या डोक्यावर टोपी. एवढ्यात जमादार दारातून ओरडले, "साहेब! राठोड ओ देऊन नाही राह्यला!"

मी धावलो. पायऱ्यांवरून खाली पाहिलं. अंधारात राठोड पहिल्या ड्रमच्या बाजूला आडवा पडलेला, हातात फडकं. जमादार पुढे झाले आणि दोन पायऱ्या उतरले. मी त्यांच्या सदऱ्याची कॉलर धरून मागे ओढलं. सदरा टरकला.

"सोडा मले! पोट्टं मरून राह्यलं!"

"तुम्ही गेले तर दोन मरतील!" मी ओरडलो. डोळ्यांसमोर घाटंजीकडचा खड्डा होता. आयुष्यात एखाद्याला मदतीपासून अडवण्याइतकं वाईट काम नाही, आणि ते करताना आपण बरोबर आहोत हे माहीत असण्याने ते सोपं होत नाही. खाली दहा-बारा हातांवर माणूस पडला होता आणि मी दार अडवून उभा होतो.

आपटेसाहेब आले. त्यांनी एकदा खाली पाहिलं. व्याख्यान नाही, प्रश्न नाही. ते मागे वळले, अंगणातली सब्बल, म्हणजे पहार, उचलली आणि गोदामाला वळसा घालून नाल्याकडे धावले. थोड्या वेळात मागच्या भिंतीवर दणके ऐकू येऊ लागले. ज्या भिंतीला हात लावायची परवानगी त्यांना वर्षभर मिळाली नव्हती, ती ते फोडत होते.

पण विटा निघायला वेळ लागणार होता. इकडे दारात नानाजी येऊन उभे राहिले. त्यांनी वाकून पाहिलं. हाच राठोड त्यांच्या विहिरीवरच्या पऱ्हाट्या ओढणारा. जप्तीच्या दिवशी नानाजींनी त्याला सात पिढ्या आठवतील अशा शिव्या दिल्या होत्या.

"वकीलसाहेब, छत्री द्या," नानाजी म्हणाले. आणि छत्री माझ्या हातात कोंबून, "हालवा जोरानं, हवा जाऊ द्या." मग जमादारांकडे वळून ओरडले, "माहा गळ कुठाय? तीन तोंडाचा! आना लवकर!"

सगळ्यांनी 'माहा', म्हणजे 'माझा', हा शब्द ऐकला होता.

पुंडकर वकिलांनी त्यांचा हात धरला. "नानाजी, थांबा. त्या गळाले हात लावू नका. कोर्टात अंगावर येईन."

"बाजूले व्हा," नानाजी म्हणाले. "पोट्टं जिवंत राह्यलं तर कोर्ट. नाही तर कायचं कोर्ट?"

जमादारांनी कपाटातून गळ आणला. त्याची सरकारी चिठ्ठी नानाजींनी दातांनी तोडून फेकली. टोपी काढली, सदऱ्याच्या बाह्या सारल्या, आणि पहिल्या पायरीवर गुडघा टेकून दोर हातात असा तोलला की मला त्यांची ती विहीर आठवली. आम्ही सगळे मिळून जे दुपारभर करू शकलो नव्हतो ते त्यांनी एका फेकीत केलं. गळ राठोडच्या अंगावरून पलीकडे पडला, हलकेच ओढला गेला, आणि एक तोंड त्याच्या चामडी पट्ट्यात बसलं. "कातडीले नाही लागलं पाहिजे," ते पुटपुटले, जणू स्वतःलाच. मग, "ओढा. झटका नका देऊ. असा, एकसारखा."

आम्ही ओढला. पायरीपायरीने तो वर आला. ओठ निळे, मिशीला सडवा लागलेला. अंगणात लिंबाखाली पालथा घालून मी त्याच्या पाठीवर दाब द्यायला लागलो, दाबायचं आणि सोडायचं, शिकवलं होतं तसं. श्वास होता की नव्हता मला सांगता येणार नाही. जमादार मोठ्याने रडत होते. पुंडकर वकील पाणी घेऊन उभे होते आणि ते कुणाला द्यावं हे त्यांना कळत नव्हतं. मग राठोडच्या अंगातून एक हुंदक्यासारखा आवाज आला, खोकला आला, आणि तो म्हणाला, "याडी." म्हणजे त्यांच्या बोलीत, आई.

नानाजी जागच्या जागी खाली बसले.

त्याच वेळी मागची भिंत फुटली. आपटेसाहेब धुळीने माखून पुढे आले. इस्त्री गेलेली, हाताला फोड. त्यांनी राठोडला पाहिलं, आणि हे पुण्याचे गृहस्थ लिंबाच्या खोडाला तोंड लावून लहान मुलासारखे रडले. नंतर कळलं की साहेबांनी पाडलेल्या भोकाशी नाल्यात कुणीतरी बिडी पेटवायला गेलं तर काडी पेटेना. तळघर तिकडून वाहत होतं.

कोर्टात मोठी मजा झाली. गळ नानाजींचा ठरला तर ड्रम त्यांचे ठरत. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी राठोडला विचारलं, "तुला कुणी बाहेर काढलं?"

"मी बेशुद्ध होतो, साहेब. मले काही दिसलं नाही."

हे खरंच होतं. जमादारांना विचारलं. ते म्हणाले, "मी डोये मिटून देवाचं नाव घेत होतो." मला विचारलं, आरोपीने गळ सराईतपणे टाकला का? मी म्हटलं, "माझ्यापेक्षा बरा टाकला. पण माझ्यापेक्षा बरा तर कुणीही टाकतो." पुंडकर वकील खूश होऊन मान डोलावत होते.

मग आपटेसाहेबांचं नाव पुकारलं. ते पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ घेतली. गळ मागताना आरोपी नेमकं काय बोलला हे त्यांनी स्वतः ऐकलं नव्हतं, पण ते नाल्याकडून परतल्यावर मीच त्यांना सांगितलं होतं, आणि तेच त्यांना विचारलं गेलं: "आरोपीने गळ आपला असल्याचं म्हटलं, असं तुमच्या कानावर आलं का?" साहेबांनी रुमाल काढला, घडी घातली, परत ठेवला. मी या माणसाच्या हाताखाली इतकी वर्षं होतो, पण त्यांना असं अडकलेलं कधी पाहिलं नव्हतं.

आरोपीच्या जागेवरून नानाजी उठले. "हुजूर, आपटेसाहेबाले खोटं बोलता येत नाही आन खरं बोलाचं मन होऊन नाही राह्यलं. कायले तंगवता त्यायले? गळ माहा हाये. ड्रमही माहेच हायेत."

पुंडकर वकिलांनी कपाळावर हात मारला, तो आवाज मागच्या बाकापर्यंत आला.

"अजून काही सांगायचं आहे?" मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं.

"एकच, हुजूर. शिक्षा कबूल हाये. पण त्या तळघराले खिडकी ठेवा. आम्ही चोरून सडवा ठेवतो, तरी विहिरीचं तोंड पऱ्हाट्यांनीच झाकतो, हवा जाते. सरकारनं तर इटांनी बुजोलं."

नानाजींना थोडे महिने शिक्षा झाली. त्यांनी जीव वाचवला म्हणून ती कमी ठेवली, असं निकालात म्हटलं होतं. मला ते आजही पुरेसं वाटत नाही. ते सुटले त्या दिवशी राठोड त्यांना आणायला यवतमाळच्या तुरुंगाच्या दाराशी गेला. मात्र गडी खाकी गणवेशात गेला, त्यामुळे एसटीतल्या सगळ्या लोकांना वाटलं की पाटलांना लगेच पुन्हा धरलं. गावाने नानाजींना पुन्हा नशाबंदी समितीचा अध्यक्ष केलं, बिनविरोध. त्यांच्याइतका त्या विषयाचा अनुभव दुसऱ्या कुणाला नव्हता. त्यांनी पुन्हा भट्टी लावली की नाही ते मी सांगू शकत नाही. त्या शेताकडे आमच्यापैकी कुणाचं जाणं झालं नाही.

आपटेसाहेबांवर भिंत फोडल्याबद्दल चौकशी बसली. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्यांनी 'होय' असं उत्तर दिलं, त्यामुळे ती लवकर संपली. भिंत पूर्ववत करण्याचा हुकूम झाला. पण कोर्टाच्या निकालात खिडकीचा उल्लेख होता, आणि तो टाळता येत नव्हता. म्हणून खिडकीही मंजूर झाली. बांधकामाचे लोक आले, आधी साहेबांचं भोक बुजवलं, आणि मग खिडकी बसवली. मालखान्याच्या सुरक्षिततेसाठी ती छताला लागून बसवली. वायू राहतो तळाशी. साहेबांनी त्यांना पुन्हा ते जडपणाचं व्याख्यान दिलं. ओव्हरसियरने शांतपणे ऐकून घेतलं आणि नकाशा दाखवला. नकाशात खिडकी वरच होती.

ते लोक गेले. पुढच्या रविवारी, कचेरी बंद असताना, साहेब आणि राठोड सब्बल घेऊन नाल्याच्या बाजूला गेले आणि तळघराच्या अगदी फरशीला लागून हातभर रुंद भोक पाडून आले. सोमवारी जमादारांनी विचारलं, "साहेब, नोंद काय करू?"

खोटं न बोलू शकणारे आपटेसाहेब उठून खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "जमादार, तुम्हाला काय वाटतं, ते काय आहे?"

"मले त उंदराचं बीळ वाटते, साहेब."

"मग तुम्हाला जे वाटतं ते लिहा."

मी तिथे होतो तोवर त्या मालखान्यात पुन्हा कुणी पडलं नाही. दरवर्षी तपासणीला येणारे अधिकारी शेरा मारून जात की उंदराचं बीळ तात्काळ बुजवावं. आणि दरवर्षी आम्ही उत्तर पाठवत असू की उंदराचा शोध चालू आहे.